मिरजेची गाडी

लोणंदहून पुणे जवळ आणि मिरज लांब. तरीही आमच्या लहानपणी घरात मोठे दुखणे निघाले की वडीलधारी माणसे म्हणत, "मिशनमध्ये नेऊ," आणि मिरजेकडे जाणारी गाडी धरत. मिशन म्हणजे तिथला दवाखाना. त्या शब्दात धर्म आहे, हे बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नसे.

१९८८ साली आमच्यापैकी एकाच्या आजीला असेच नेले. पोटात गाठ होती. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी तिच्या उशाशी उभे राहून प्रार्थना केली, मराठीत. आजी बरी होऊन आली आणि पुढे चौदा वर्षे जगली. मात्र त्या प्रार्थनेचा विषय निघाला की माळकरी आजोबा उठून अंगणात जात. आजी म्हणे, "त्येनं त्येच्या द्येवाला माझं नाव सांगितलं. त्यात वंगाळ काय?" हळूहळू घरात तो विषयच निघेनासा झाला.

मिशनऱ्यांची मराठी आम्ही दोघेही कित्येक वर्षे शिकवीत आहोत. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, १८४२ साली अहमदनगरला निघालेले 'ज्ञानोदय' वगैरे. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे सगळं धर्मांतरासाठीच होतं ना?" आम्ही म्हणालो, हेतू आणि फलित यांचा विचार वेगवेगळा करावा. परीक्षेत गुण मिळवून देणारे उत्तर! आजीची गोष्ट ओठांवर आली होती. ती आम्ही गिळली.

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे. आधी सांगली, मग मिरज. १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, १८९७ साली परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. १९२८ मध्ये ते निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. जवळजवळ चाळीस वर्षे! ते रोग बरे करायला आले होते आणि ख्रिस्ताची वार्ता सांगायलाही आले होते. यांपैकी एक लपवून दुसऱ्याचा गौरव करणे आम्हांला अप्रामाणिक वाटते. पण आजीच्या उशाशी जो आवाज होता, तो आमच्याच मुलखातला होता. सांगलीजवळच्या वानलेसवाडीचे नाव घेताना तरी कोणाला कॅनडा आठवतो?

पुढच्या तासाला आम्ही सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांविषयी बोललो. १९३८ साली भारतातून चीनला पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. सहकारी परतले, कोटणीस तिथेच राहिले. चिनी शिकले. १९४१ साली ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याला नाव होते नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन डॉक्टरांचे. (कॅनडा असा पुन्हा भेटतो.) तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते, हेही आम्ही सांगितले.

"म्हणजे धर्मांतर यांचंच झालं की," ती मुलगी म्हणाली. वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण शिक्षककक्षात आल्यावर आमच्यात त्यावर बराच वाद झाला. वानलेस आपला देव बरोबर घेऊन आले, कोटणीसांना तिकडे गेल्यावर श्रद्धा सापडली. सेवेला गेलेला माणूस रिकाम्या हाताने जातो, असे आपण का धरून चालतो? आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की खाटेवर असहाय पडलेल्या माणसापुढे आपला देव काढणे गैरच. ज्याची आजी होती, त्याला हे पटेना.

त्या वर्षी वारीत माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी असताना आमचे विद्यार्थी प्रथमोपचाराच्या तंबूत होते. तीच मुलगी एका म्हाताऱ्या वारकऱ्याच्या तळपायाचे फोड धूत बसली होती.

"कुणाची गं तू?" त्याने विचारले.

आमच्याकडे या प्रश्नाला जातीचे उत्तर अपेक्षित असते. ती म्हणाली, "कॉलेजची." म्हाताऱ्याने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले आणि दुसरा पाय पुढे केला.

रात्री तंबूत गर्दी ओसरल्यावर आम्ही तिला आजीची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली.

"आणि आजोबा?" तिने विचारले.

ते शेवटपर्यंत उठून अंगणातच जात राहिले, असे सांगावे लागले.