उजवीकडची खिडकी

आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हल्ली युट्रेक्टचे फोटो असतात. मुलगा-सून ॲमस्टरडॅमजवळ आयटीत, आईवडील नातवंडाच्या निमित्ताने तिकडे तीन महिने, आणि एखाद्या रविवारी सगळे मिळून आगगाडीने अर्ध्या तासावरच्या युट्रेक्टला. पाण्याच्या पातळीला लागून मांडलेली टेबले, विटांच्या कमानी, सायकली टेकवलेले कठडे. मग परत आल्यावर आपल्या दिवाणखान्यात चहा पिताना ठरलेले वाक्य: ‘आपल्याकडे असं काही नाही हो.’

तसे काही नाही हे खरे. पण कालवा आहे. खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्याने स्वारगेट गाठतो, रेसकोर्स आणि एम्प्रेस गार्डनच्या कडेने हडपसरला जातो आणि तिथून दौंड-इंदापूरकडे. त्याची सोबत करणारी आगगाडीही आहे. पुण्याहून दौंड पंचाहत्तर किलोमीटर. सकाळी ऑफिसवाल्यांची गर्दी शहरात उतरते आणि त्याच गाड्या उलट दिशेला अर्ध्या रिकाम्या धावतात. सुट्टी घालवायला दौंडला चाललो असे सांगितले की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. तरीही जावे. जाताना उजवीकडची खिडकी धरावी.

गाडी अजिबात घाई करत नाही. हडपसर, मांजरी, लोणी, उरळी. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वाट देत ती मधूनच उभी राहते. डब्यात दुधाचे रिकामे कॅन, भाजीच्या रिकाम्या पाट्या, रात्रपाळी करून घरी निघालेले आणि बसल्या बसल्या झोपलेले कामगार. कोणी खारे शेंगदाणे घेऊन येतो. कोणी आपल्याला ‘कुठं उतरणार?’ विचारतो आणि दौंड म्हटल्यावर ‘कुणाकडं?’ असे विचारतो. कुणाकडेही नाही, हे उत्तर त्याला पटत नाही.

रूळ आधी आले. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत. त्यानंतरच्या दशकात फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअरच्या आराखड्यावरून खडकवासल्याचे धरण सुरू झाले आणि १८७९ च्या सुमारास पुरे झाले. धरणाच्या तळ्याला कित्येक वर्षे लेक फाइफ म्हणत. छावण्यांना पिण्याचे पाणी आणि पूर्वेच्या कोरड्या मुलखाला शेतीचे, असा दुहेरी हेतू होता. मधे १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला. केडगाव-पाटसच्या पट्ट्यातले लोक त्या काळात पोटासाठी खडी फोडत होते, माती वाहत होते. यवतच्या पुढे पिंपळगावचा मातोबा तलाव त्याच दुष्काळी कामांतला. तोही मुठेच्याच कालव्यावर भरायचा.

लोणी सुटले की खिडकीतून एक गोष्ट दिसू लागते, आणि ती एकदा दिसली की मग दुसरे काही दिसत नाही. कालवा दक्षिणेला, चढाच्या अंगाने, जमिनीची एकच पातळी धरून वळणे घेत जातो. उत्तरेला खाली मुळा-मुठा. या दोहोंच्या मधल्या पट्टीतून रूळ आणि सोलापूर रस्ता जातात. म्हणून डावीकडे नदीपर्यंत ऊस, कांदा, फुलशेती. उजवीकडेही ऊस, पण तो एका जागी संपतो आणि वर भुलेश्वराच्या रांगेचे पिवळे गवत सुरू होते. कालवा स्वतः बहुतेक वेळा दिसत नाही. त्याची रेघ दिसते. रेघेच्या अलीकडचा माणूस बागायतदार आणि पलीकडचा जिरायत. लग्ने जुळवताना ही रेघ अजून बघतात.

डच कालवे या बाबतीत आपल्या बरोबर उलटे. समुद्रसपाटीच्या खालची जमीन, तिथे पाणी बाहेर काढायचे, अडवायचे, त्यावरून माल न्यायचा. पाणी दाराशीच असल्यामुळे घराचे दर्शनी दार कालव्याकडे. आपण मात्र कालव्याकडे पाठ करून घरे बांधली. शहरातल्या कालव्याला लागते ती मोरी, कचऱ्याचा ढीग आणि कुंपणाची भिंत. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीतल्या शेकडो घरांतून पाणी घुसले, तेव्हा कित्येक पुणेकरांना इथे इतके वाहते पाणी आहे हेच नव्याने कळले. खापर फुटले घुशी, उंदीर आणि खेकड्यांवर. बारा जुलै एकसष्टची पानशेतची धरणफुटी ज्यांच्या घरात अजून बोलली जाते, त्या शहरात हे खुलासे कोणी हसून ऐकले, कोणी न हसता.

आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्यातून न्यायचे घाटत आहे. गळती थांबेल, चोरी थांबेल आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्याचे काय करायचे, याची चर्चा आधीच सुरू आहे. रस्ता, असे पुष्कळांचे म्हणणे. गळतीचा मुद्दा खोटा नाही. पण ज्या युट्रेक्टचे फोटो आपण काढून आणतो, तिथेच सत्तरच्या दशकात जुन्या खंदकाचा मोठा तुकडा बुजवून मोटारींचा रुंद रस्ता केला होता. तो उखडून २०२० मध्ये त्यांनी पाणी परत आणले. त्यांच्याकडे पैसा होता. आपण रस्ता केला तर तो उखडायला कोण येणार, हे मला दिसत नाही.

पुन्हा गाडीकडे. वाटेवरच्या उरळी कांचनला गांधीजी १९४६ च्या मार्चमध्ये आले आणि निसर्गोपचाराचा आश्रम सुरू झाला. तिथे उतरून दिवस घालवता येतो. मला केडगावचा थांबा जास्त ओढतो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना इथे आसरा दिला. त्यांच्या मुक्ती सदनाची शेती, विहिरी, छापखाना आणि रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर, सगळे या आडगावच्या स्टेशनाजवळ. प्लॅटफॉर्मवर यातले काहीच कळत नाही. गुऱ्हाळाचा गोड, जळका वास तेवढा येतो.

दुसराही एक वास येतो, तो सांगायला हवा. कालवे खरे तर दोन, नवा आणि जुना; जुन्याला इकडे बेबी कालवा म्हणतात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे सांडपाणी, प्रक्रिया करून, त्यात सोडतात. वर्षाला साडेसहा टीएमसी द्यायचे असा करार आहे. खडकवासल्यासह वरची चारही धरणे मिळून एकोणतीस टीएमसी, त्यातले शहर पिते आणि वापरलेले खाली पाठवते. प्रक्रिया किती होते, हे पाटसकडच्या कोणत्याही बाईला कालव्याचा फेस पाहून सांगता येते.

दौंडला करण्यासारखे फार नाही, आणि हेच दौंडचे सुख. स्टेशनाबाहेर मिसळ, मोठाले जुने रेल्वे बंगले, चिंचांची सावली, मग चालत भीमेचा काठ. वर कुठेतरी मुळा-मुठा तिला मिळालेली असते. म्हणजे खडकवासल्यातून नदीत सुटलेले पाणी फिरून इथे येतेच. कालव्याचे मात्र पुढे इंदापूरकडे जाते.

परतताना पाटसला एक तरुण चढला. हडपसरच्या कारखान्यात रात्रपाळी. आमच्या गप्पा ऊसदरावरून कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनावर आल्या. पाटबंधारे खात्याची तारीख वर्तमानपत्रात येते, पण ती पाळली जाईल यावर गावाचा भरवसा नाही. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचेपर्यंत हेडच्या मोटारी ते उपसून बसतात. म्हणून हा कामावर जाताना हडपसरला पुलावरून कालव्यात डोकावतो आणि घरी फोन करतो. त्या संध्याकाळी तो उतरला, मीही मागोमाग उतरलो. पुलावर तो क्षणभर वाकला. गढूळ पाणी काठोकाठ होते. त्याने फोन लावला.

‘आण्णा, सुटलंय. चारी मोकळी करून ठेवा. आणि आज रात्री मोटरीपाशी झोपा, वरच्या अंगाचे लोक काही खरे नाहीत.’