चकवा नेमका कुठे लागला?

मुलं अमेरिकेत असतील आणि तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे गेलात, तर एखाद्या शनिवारी ती तुम्हाला ‘कॉर्न मेझ’ला नेतातच. मक्याचं उभं पीक, त्यात मुद्दाम कापून काढलेल्या वाटा. आत शिरायचं आणि बाहेर पडायचा रस्ता शोधायचा. पेनसिल्व्हेनियातल्या ॲनव्हिल इथे १९९३ साली डायनासोरच्या आकाराचा असा भूलभुलैया झाला. आजच्या पद्धतीचा तो पहिला मानतात. आता तिथल्या अनेक शेतकऱ्यांचा हा जोडधंदाच आहे.

मागच्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत आम्ही सहाजण गेलो होतो: भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, मी आणि आमच्या बहात्तर वर्षांच्या काकू. तासभर सगळेच भरकटलो. “चकवा लागला गं आपल्याला,” काकू म्हणाल्या.

अशा ठिकाणी वाट चुकणं हा आजार नव्हे, हे आधी सांगते. आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या पेशी तिथे असतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं. शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये जागेची जणू चौकट आखणाऱ्या पेशी मोझर दांपत्याला २००५ मध्ये सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. पण मेंदूतल्या या नकाशाला बाहेरच्या खुणा लागतात: देऊळ, पिंपळ, वाण्याचं दुकान, सूर्य. डोक्यावरून गेलेल्या मक्यात प्रत्येक वळण सारखंच दिसतं. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसं सरळ चालतोय असं समजून गोल फिरत होती. आपल्याकडे रानात लागणारा चकवा बहुधा हाच.

मला खटकलं ते बाहेर आल्यावर. आम्ही बाकावर बसलो होतो. काकू स्वच्छतागृहात गेल्या, तेही समोरच दिसणाऱ्या, पन्नास पावलांवरच्या. परत येताना दाराशी थबकल्या आणि उलट दिशेला चालू लागल्या. धाकटा पुतण्या धावत जाऊन त्यांना घेऊन आला. “आजी, चकवा तुझ्यामागे बाहेर आला!” सगळे हसले, काकूही हसल्या.

रात्री त्या एकट्या असताना मी विचारलं, “काकू, पुण्यात असं कधी झालंय?” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मंडईतून येताना दोनदा रिक्षा केली. वाटच सुचेना. कुणाला बोलले नाही. कळलं तर एकटीला राहू देणार नाहीत.” चाळीस वर्षांची पायाखालची वाट होती ती.

फरक इथे आहे. नवख्या जागी गोंधळ कुणाचाही होतो, रोजच्या वाटेवरचा गोंधळ तपासायलाच हवा. अल्झायमरमध्ये मेंदूतले बदल बहुतेक वेळा एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या भागात लवकर सुरू होतात. म्हणून नावं विसरण्याप्रमाणे वाट न सुचणं हेही सुरुवातीचं लक्षण असू शकतं.

पण दरवेळी अल्झायमरच असतो असं नाही. बी-१२ ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, रक्तातलं कमी सोडियम, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही असं होतं, आणि यावर उपचार आहेत. काकू शाकाहारी आहेत आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतात. या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं. तपासलं तेव्हा ते खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर मरगळ गेली, वाटेचा गोंधळ मात्र पूर्ण गेलेला नाही. न्यूरॉलॉजिस्ट स्मरणशक्तीच्या चाचण्या पुन्हा घेणार आहेत. काकू अजून स्वतःच्या घरीच राहतात. मंडईला शेजारणीबरोबर जातात आणि येताना वाट काकूंनी दाखवायची, असं दोघींचं ठरलंय.

तुमच्या घरातल्या ज्येष्ठांबाबत एवढं बघा:

१. नेहमीची वाट, नेहमीचा बसथांबा चुकतो का? अलीकडे बाहेर जाणंच टाळतात का?

२. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या धरून, डॉक्टरांना दाखवा. बी-१२, थायरॉइड, सोडियम तपासून घ्या.

३. गोंधळ तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, सोबत ताप असला, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्या.

आणि विचाराल तेव्हा चारचौघांत, हसत विचारू नका. एकटं असताना विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.