ढालीवरचे नाव

प्राचार्यांच्या खोलीबाहेर एक काचेचे कपाट आहे. फी भरण्याच्या रांगेत उभे असताना आपण सर्वांनीच ते कधी ना कधी पाहिले असेल, कारण त्या रांगेत पाहण्यासारखे दुसरे काही नसते. त्यातल्या दुसऱ्या खणात, कबड्डीच्या करंडकाशेजारी, एक लाकडी ढाल आहे. गेल्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन गायन स्पर्धेतली. विभाग स्वरचित गीताचा, क्रमांक पहिला. खालच्या पितळी पट्टीवर माझे नाव कोरलेले आहे. त्या पट्टीविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

गाण्याचे शब्द माझेच होते. एस. टी. स्टँडवर संध्याकाळच्या गाडीची वाट पाहताना ते वहीच्या मागच्या पानावर उतरले. चाल मात्र माझी नव्हती. ती दादाची होती.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी त्याने कॉलेज सोडले आणि तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला. दिवसभर तांब्याच्या तारांशी झटापट करायची आणि रात्री जेवणे झाली की पेटी पुढे ओढायची, हा त्याचा क्रम. पेटी तो गावच्या भजनी मंडळात ऐकून ऐकूनच शिकला. माझी कविता त्याने एकदा वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाला, "अगं, दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त होतंय. ते काढ, म्हणजे गाणं चालायला लागेल." मी ते अक्षर काढले. तीन रात्रींत चाल झाली. आई भांडी घासता घासता ती गुणगुणू लागली तेव्हा दादा म्हणाला, "झालं, पास!"

स्पर्धेच्या अर्जावर दोन रकाने होते, एक गीतकाराचा आणि एक संगीतकाराचा. नियम असा, की दोन्ही माणसे महाविद्यालयाचे विद्यार्थी हवीत. मी दादाला विचारले. तो तार गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "दोन्हीकडे तुझंच लिही की. आपल्या घरातलंच आहे." मी लिहिले. आज आठवते ते इतकेच, की लिहिताना माझा हात अडखळला नाही.

पुढचे तुम्हांला ठाऊकच आहे. टाळ्या झाल्या, सत्कार झाला, गावच्या साप्ताहिकात फोटो आला आणि त्याखाली "स्वतःच संगीतबद्ध केलेले गीत" असे छापून आले. दादाने ते कात्रण कापून दुकानातल्या फळीवर चिकटवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते दाखवायचा. "बहीण माझी," एवढेच म्हणायचा.

आता दुसरी गोष्ट. या वर्षी वाङ्मय मंडळात 'तरुण वयातले यश' या विषयावर प्रत्येकाने एकेका कलावंताविषयी पंधरा मिनिटे बोलायचे ठरले. सर मला म्हणाले, "तू स्वतः गाणी करतेस, तेव्हा एखाद्या गीतकार-गायिकेवरच बोल." मी अमेरिकेतल्या बिली आयलिशचे नाव घेतले. तिची दोन-तीन गाणी वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या मोबाईलवर ऐकली होती, एवढाच माझा अभ्यास. मग माहिती जमवायला बसले.

माहिती दिपवून टाकणारी होती. संगीताच्या जगात ग्रॅमी पुरस्काराचा मान मोठा. ग्रामोफोनची छोटी सोनेरी प्रतिकृती म्हणजे ग्रॅमी, १९५९ पासून ती दिली जाते. त्यात चार पुरस्कार मुख्य मानले जातात : वर्षातले ध्वनिमुद्रण, वर्षातला अल्बम, वर्षातले गीत आणि सर्वोत्तम नवा कलावंत. २६ जानेवारी २०२० च्या रात्री हे चारही बिलीला मिळाले. वय वर्षे अठरा! एकाच रात्री चारही मिळवणारा तिच्याआधी एकच कलावंत झाला होता, १९८१ साली ख्रिस्तोफर क्रॉस. स्त्रियांत ती पहिलीच.

पुढे ऑस्करही आले. जेम्स बाँडच्या 'नो टाइम टू डाय' चित्रपटातल्या गीतासाठी २०२२ मध्ये आणि 'बार्बी'तल्या गीतासाठी २०२४ मध्ये. दुसरे ऑस्कर घेताना ती बावीस वर्षांची होती. इतक्या लहान वयात दोन ऑस्कर कोणालाच मिळाले नव्हते. आधीचा विक्रम लुइझ रायनर या अभिनेत्रीचा, अठ्ठाविसाव्या वर्षीचा, आणि तो १९३८ पासून टिकून होता.

मी हे सारे भराभर उतरवून घेत होते. पण प्रत्येक ठिकाणी आणखी एक नाव पुढे येत होते, फिनिअस. हा तिचा भाऊ. चार वर्षांनी मोठा. २०१५ मध्ये ज्या गाण्याने तिचे नाव झाले, ते 'ओशन आइज' याने स्वतःच्या बँडसाठी लिहिले होते आणि मग तेरा वर्षांच्या बहिणीला गायला दिले. तिच्या नृत्यशिक्षकांना नाच बसवण्यासाठी गाणे हवे होते म्हणून त्यांनी ते इंटरनेटवर टाकले, आणि रातोरात ते सर्वत्र पसरले. ग्रॅमी जिंकणारा तो अल्बमही मोठ्या स्टुडिओत झाला नाही. लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागात, आईवडिलांच्या लहानशा घरात, भावाच्या झोपायच्या खोलीत झाला. पलंगावर बसून ती गायची आणि शेजारी टेबलापाशी तो ध्वनिमुद्रण करायचा. दंतवैद्याच्या यंत्राचा आवाजसुद्धा त्यांनी एका गाण्यात वापरला आहे.

आणि त्या २०२० च्या रात्री? त्या रात्री भावालाही पाच ग्रॅमी मिळाल्या. ग्रॅमीच्या हिशेबात गाणे गाणारा वेगळा, रचणारा वेगळा, निर्माता वेगळा, ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञही वेगळा. 'वर्षातले गीत' हा पुरस्कार गाणाऱ्याचा नसतोच, तो रचणाऱ्यांचा असतो. म्हणून तो स्वीकारायला दोघे भावंडे बरोबर गेली, आणि आज आपल्या खोलीत बसून गाणी करणाऱ्या सगळ्या पोरांना फिनिअसने तो अर्पण केला.

हे वाचले आणि मी वही मिटली.

वास्तविक हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. आकाशवाणीवर भावगीत लागण्याआधी निवेदिका शांतपणे तीन नावे सांगते, कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे. 'गीतरामायण' म्हटले की गदिमा आणि बाबूजी ही दोन्ही नावे एका श्वासात येतात. लताबाईंनी तर 'आनंदघन' या नावामागे स्वतःला लपवून 'साधी माणसं'ला संगीत दिले. म्हणजे एक जण आपल्याच चालीवरचे आपले नाव झाकतो, आणि दुसरी दुसऱ्याच्या चालीवर आपले नाव लिहिते! दोन्ही नावे खोटीच म्हणायची, पण दोहोंत केवढे अंतर!

वाङ्मय मंडळात मी बोलायला उभी राहिले ते आठवत असेल तुम्हांला. २०२० च्या त्या रात्री अल्बमचे पारितोषिक हाती घेऊन बिली म्हणाली, की ते आरियाना ग्रांडे हिला मिळायला हवे होते. पुढच्या वर्षी पुन्हा वर्षातल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला तेव्हा ती जवळजवळ सारा वेळ मेगन दी स्टॅलियनविषयीच बोलली. इथवर मी सांगितले, आणि थांबले. "घसा बसलाय," असे म्हणून खाली बसले. घसा बसला नव्हता. समोर सर कौतुकाने पाहत होते.

त्या रात्री घरी जाऊन दादाला सगळे सांगितले. तो हसला. "कुठं लॉस एंजेलिस, कुठं आपली गल्ली! आणि एवढ्या ढालीचं काय घेऊन बसलीस?" मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "कात्रणात तेवढं एक वाक्य नसतं तर बरं झालं असतं. भजनातल्या मंडळींना चाल ओळखू येते गं. विचारतात. मला खोटं बोलावं लागतं."

मला वाटत होते, खोटे मी एकटीच बोलले. ते एक वर्षभर त्यालाही रोज बोलावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना भेटले. रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "संयोजकांना पत्र लिही. ढाल परत मागतील तर मागतील. आणि वार्षिकांकाला लेख दे." पत्र धाडून दोन महिने झाले. अजून उत्तर नाही. ढाल कपाटातच आहे, आणि कदाचित हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ती तिथून गेलेलीही असेल. त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या मुलीचा त्या जागेवर माझ्याहून अधिक हक्क आहे. ती कोणत्या कॉलेजची हेही मी तेव्हा विचारले नव्हते.

बक्षीस मिळू नये असे मी म्हणणार नाही. टाळ्यांचा आवाज गोड असतो, तो मी ऐकला आहे. फिनिअस आणि बिली यांचे २०२५ सालचे ग्रॅमीतले नशीब तर पाहा : तिच्या वाट्याला सात नामांकने आली आणि पुरस्कार एकही आला नाही. गाणी त्यामुळे वाईट ठरली नाहीत. पुरस्कार येतो, जातो. पण गाण्याखाली कोणाचे नाव लिहायचे ते आपल्या हातात असते, आणि तेवढे तरी नीट लिहावे.

नव्या गाण्याचे दोन अंतरे तयार आहेत. दादा म्हणतो, तिसऱ्यात पुन्हा एक अक्षर जास्त होतेय. ते काढायचे आहे. या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी ते स्पर्धेबाहेर गाणार आहे. निवेदन करणाऱ्या मैत्रिणीला मी चिठ्ठी आधीच देऊन ठेवली आहे. तिच्यावर दोन नावे आहेत.

— तृतीय वर्ष, कला