कोष्ट्यांकडची ठेव

1996 सालच्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी साडेसातला मी नालासोपारा स्टेशनबाहेर उभा होतो आणि मनातून चरफडत होतो. सहलीचे पैसे शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने भरले होते. त्याला ऐन वेळी गावी जावं लागलं आणि पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून त्याने मला पाठवलं. मी बँकेत कारकून. पदोन्नतीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो होतो आणि रविवार झोपून काढायचा एवढीच माझी इच्छा होती.

सहल नेणाऱ्या बाई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दर हिवाळ्यात दोन-तीन रविवारी वीस-पंचवीस माणसांना घेऊन त्या एका दिवसात सोपारा आणि कान्हेरी दाखवत. प्रवासखर्चापलीकडे पैसे घेत नसत. आणायच्या वस्तू तीनच: डबा, पाणी आणि वही. मी वही नेली नव्हती.

सोपाऱ्याचा स्तूप पाहून मी मोठ्याने म्हणालो, "एवढ्या ढिगाऱ्यासाठी इतक्या लांब?" बाईंनी ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. त्या सांगत होत्या की गावात या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत, आणि 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. करंड्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा.

"सोन्याच्या डबीत काय असेल?" बाईंनी विचारलं.

कुणी म्हणालं हिरे, कुणी म्हणालं अस्थी.

"खापऱ्या. मातीच्या भांड्याचे बारके तुकडे. बुद्धाचं भिक्षापात्र म्हणून कुणीतरी ते इतके जपले."

मी हसलो. आज ते हसू आठवलं की मान खाली जाते. करंड्यासोबत यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणंही मिळालं होतं. "हे नाव लिहून ठेवा, दुपारी लागेल," बाई म्हणाल्या. माझ्याकडे वहीच नव्हती.

परतीच्या लोकलमध्ये भाईंदरच्या खाडीवर त्यांनी आम्हाला दाराशी बोलावलं. सोपारा, कल्याण, चौल ही सगळी बंदरं. तिथल्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीचा डोंगर कोरायला पैसा दिला, एवढंच त्या म्हणाल्या. गाडीच्या खडखडाटात बाकीचं ऐकूही आलं नाही.

कान्हेरीला मी आधी गेलो होतो, नववीच्या सहलीत. बोरिवलीच्या उद्यानातून वर जाणारी बस, डब्यांवर झडप घालणारी माकडं आणि पायऱ्या, एवढंच लक्षात होतं. या खेपेला 3 नंबरच्या चैत्यगृहात उभे राहिलो तेव्हा बाईंनी आधी खांब बघायला लावले. चौतीस खांब, काहींवर वरपर्यंत नक्षी, बाकीचे नुसतेच तासून सोडलेले. "काम अर्धवट राहिलं, तरी लोक वापरत राहिले," त्या म्हणाल्या. इथल्या लेखात गजसेन आणि गजमित या व्यापारी भावांची नावं आहेत आणि राजाचं नाव आहे. कुठला राजा? सगळे गप्प. सातवीतल्या एका मुलीने वही उघडून वाचलं, "यज्ञश्री सातकर्णी." सकाळच्या नाण्यावरचा तोच राजा. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान पोरीला जे जमलं ते मला जमलं नाही, एवढंच तेव्हा वाटलं. सकाळची गोष्ट दुपारी लागावी म्हणूनच बाई आधी सोपाऱ्याला नेत, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

वर चढताना त्या प्रत्येक लेण्याबाहेर थांबून पोढी दाखवत. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. खडकात बोटभर खोल पन्हळ कोरलेली, ती उतारावरून वळत येते आणि टाक्याच्या चौकोनी तोंडाशी संपते. बाईंनी बाटलीतलं थोडं पाणी पन्हळीच्या वरच्या टोकाला ओतलं. ते सरळ न वाहता एका कोपऱ्यावर क्षणभर अडलं, तिथे साचलेली माती ओली झाली, मग बारीक धार पुढे निघाली आणि टाक्यात टपकली. डिसेंबर असूनही टाक्यात पाणी होतं. त्या जवळचा लेख बोटाने दाखवत, पण खडकाला बोट कधी लावत नसत. एक पोढी कल्याणच्या सामिदत सोनाराची. एक चेमूलच्या, म्हणजे आपल्या चौलच्या, सुलसदताची. त्याचा धंदा 'हेरणिक'. कुणी त्याचा अर्थ सोनार करतात, कुणी खजिनदार.

"म्हणजे आपले बँकवाले," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. सकाळी प्रत्येकाला त्यांनी धंदा विचारला होता, तो त्यांच्या ध्यानात होता.

90 नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन 1009 आणि 1021 मधले. पारशी मंडळी लेणी पाहायला आली आणि आपली नावं कोरून गेली. सगळ्यांना गंमत वाटली. मी मात्र दाराकडे सरकलो. नववीत मी एका लेण्यात खिळ्याने माझं नाव कोरलं होतं. त्या दिवशी ते सांगायची छाती झाली नाही.

उतरताना 11 नंबरच्या लेण्यात, ज्याला दरबार म्हणतात तिथे, लांबलचक दगडी बाकांवर आम्ही बसलो. इथला एक लेख राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला. त्यात दिलेल्या पैशाची खाती पाडली आहेत: पूजेला इतके, विहाराच्या डागडुजीला इतके, भिक्षूंच्या चिवरांना, म्हणजे वस्त्रांना, इतके, पोथ्यांना इतके. मग बाईंनी फळा नसलेल्या वर्गात एक शब्द सांगितला, अक्षयनीवी. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचं. कान्हेरीच्या एका लेखात मंगलस्थान गावातलं, म्हणजे आजच्या मागाठाण्यातलं, शेत असं लावून दिलं आहे.

"बँकवाले, इकडे या. हे तुमचं खातं."

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि नाशिकच्या पांडवलेण्यातला, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख वाचला. त्याने तीन हजार कहापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना चिवरांसाठी प्रत्येकी बारा कहापण.

"जमतं का बघा."

मी मनात केलं. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडीही इकडेतिकडे नाही. मी ते मोठ्याने सांगितलं आणि वीस माणसं माझ्याकडे बघत राहिली. काउंटरमागे बसून मी रोज असली शेकडो गणितं करत होतो, पण त्यांतलं एकही कुणाच्या अंगावरच्या कपड्यापर्यंत जाताना पाहिलं नव्हतं.

"आता सांगा, सगळे पैसे एकाच श्रेणीत का नाही ठेवले?"

मी म्हणालो, दुसरीकडे दर कमी होता, म्हणजे खरं तर त्याचा तोटाच झाला.

"आणि पहिली बुडाली तर?"

मला उत्तर आलं नाही. "लेखात कारण दिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण दोन ठिकाणी ठेवले हे दिलंय. शिवाय निगमसभेत वाचून दाखवून नोंद करून घेतली, हेही दिलंय. घरी जाऊन विचार करा."

विचार केला नाही. पण पुढच्या रविवारी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. दोन हिवाळे त्यांनी मला ब्राह्मी शिकवली. मला ती आजही धड वाचता येत नाही. 'प' आणि 'ल' मध्ये मी अजून अडखळतो. पण शिकवताना त्या एकेका अक्षरावर ज्या संथपणे थांबायच्या, तो संथपणा माझ्या हातात उतरला. पासबुकावर नाव लिहिताना मी समोरच्याला पूर्ण नाव विचारू लागलो. पुढे तिसऱ्या प्रयत्नात परीक्षा पास झालो, त्याचं श्रेयही बाईंच्या टेबलापाशी बसायची सवय लागली तिलाच आहे.

मग लग्न, बदली, मुलं. जाणं सुटलं. त्यांच्याकडून आणलेलं शोभना गोखल्यांचं 'कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स' हे पुस्तक माझ्याकडेच राहिलं. 1991 सालचं, समासात बाईंच्या पेन्सिलीच्या टिपा. 26 जुलै 2005 ला आमच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी शिरलं आणि पुस्तक भिजलं. मी पानापानांत वर्तमानपत्र घालून वाळवलं, तरी ते फुगलं आणि टिपा पुसट झाल्या. लाजेने मी बाईंना फोन करणंच टाळलं. एक दिवस नाही, सहा वर्षं.

याच काळात घरकाम करणाऱ्या एक मावशी काउंटरवर आल्या. मुलगा गेला होता. साठवलेले वीस हजार होते आणि दर जूनला गावच्या शाळेत त्याच्या नावाने वह्या वाटायच्या होत्या. "पैसे मोडायचे नाहीत, वरचे तेवढे द्यायचे," त्या म्हणाल्या. मला दरबार लेण्यातला बाक आठवला. मी ठेवीचा फॉर्म पुढे केला, आणि मग हळूच म्हणालो, "मावशी, इथे दहा ठेवा. दहा पोस्टात ठेवा." आमच्या साहेबांच्या कानावर गेलं असतं तर माझी धडगत नव्हती. मावशींनी माझं ऐकलं.

तीन वर्षांनी आमच्या बँकेवर निर्बंध आले. ठेवी अडकल्या. रोज काउंटरवर माणसं यायची, आणि त्यांच्या नजरेला नजर देणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकलो. मावशीही आल्या. ओरडल्या नाहीत. पोस्टातलं व्याज मिळालं, यंदा वह्या अर्ध्याच घेतल्या, एवढं सांगायला आल्या होत्या.

त्याच आठवड्यात मी फुगलेलं पुस्तक घेऊन बाईंकडे गेलो. पुस्तकाचं सांगितलं, मावशींचं सांगितलं, बोलता बोलता नववीतल्या खिळ्याचंही सांगितलं. बाई ऐंशीच्या जवळ आल्या होत्या, ऐकायला कमी येत होतं.

"कुठल्या लेण्यात?" त्यांनी विचारलं.

"नंबर आठवत नाही, बाई."

"खोल कोरलंस का?"

"नाही, खिळा बोथट होता."

"मग पुसलं गेलं असेल," त्या म्हणाल्या आणि पुस्तक परत माझ्याकडे सरकवलं. "हे तुझ्याकडेच राहू दे. उषवदाताचं मात्र बरोबर केलंस." मी सांगू पाहिलं की त्यात माझं काही नव्हतं, दोन ठिकाणी ठेवायचं उषवदाताने सांगितलं आणि ते तुम्ही वाचून दाखवलंत. त्यांना ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

बाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यानंतर मी एकदा कान्हेरीच्या निर्वाणवीथीत जाऊन बसलो. तिथे दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या लहान लहान स्तूपांचे चौथरे रांगेने उरले आहेत. पहिल्या सहलीत बाई तिथे फार बोलल्या नव्हत्या, फक्त ज्यांची नावं लेखांतून मिळाली ती वाचून दाखवली होती. मी माझं नावही शोधलं, चार-पाच लेण्यांत. सापडलं नाही.

मावशींचे पैसे पुढे सुटले. आता त्यांची सून दर जूनला वह्या घेते.

तुम्ही जाणार असाल तर सोपाऱ्याला आधी जा, कान्हेरीला नंतर. सोमवारी उद्यान बंद असतं. आणि वही न्या.