शिरपामाळावर गाडीखाली डोकावताना

केळव्याच्या किनाऱ्यावर दोन दिवस काढून आम्ही आमच्या झोपायची सोय असलेल्या व्हॅनने जव्हारला गेलो. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज थांबले ते शिरपामाळ पाहण्यात मुले रमली. अब्बा मात्र गाडीखाली वाकले. ब्रेकच्या नळीवर गंजाचे पापुद्रे! गाडी तिथेच ठेवून मेकॅनिक बोलावला, नळी बदलली, मगच घाट उतरलो.

चूक आमचीच. दर सुट्टीत समुद्रावर जायचो, पण तळ कधी धुतला नव्हता. खारी वाळू आणि चिखल ओल धरून बसतात. आता परतताच गोड्या पाण्याने तळ धुतो, पाणी निचरायची भोके मोकळी करतो. गंज खरवडून, पूर्ण कोरडे झाल्यावरच गंजरोधक रंग देतो. ब्रेक आणि सायलेन्सर वगळून. ज्या गाडीत सारे घर झोपते, तिचा तळही पाहायला हवा.