पत्रक ज्याचे त्याच्या हाती

चार-सहा माणसांनी मेजाभोवती बसून, फासे टाकीत आणि बोलत, कल्पित जगातील कल्पित माणसांचे आयुष्य जगावयाचे, असा जो भूमिका-खेळ आहे, त्यात प्रत्येक खेळाडूपुढे एक कागद असतो. पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य, अंगावरचे चिलखत, भात्यातील बाण, कनवटीच्या मोहरा आणि देहात उरलेली प्राणशक्ती, ज्याला खेळाडू सरसकट ‘एचपी’ म्हणतात, असा सगळा जमाखर्च त्यावर अंकांत मांडलेला असतो. आणि ते अंक वाढविण्या-घटविण्याचे साधन, म्हणजे शिसपेन्सिल आणि रबर, ज्याच्या नफ्यातोट्याचा प्रश्न असतो त्याच्याच हाती असते. या पत्रकाची रुजुवात खेळ चालविणाऱ्या सूत्रधाराने वेळोवेळी करावी की नाही, हा प्रश्न नवे सूत्रधार मला नेहमी विचारतात. दिल्लीत बरीच वर्षे हा खेळ चालवीत आल्यानंतर माझे मत ठाम झाले आहे की, करू नये. आणि हे मत भाबडेपणातून आलेले नसून त्यामागे काही विचार आहे.

या प्रकारातला पहिला छापील खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचला व १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तो तीन पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. पहिल्या पुस्तिकेत पात्राचे गुणांक ठरविण्यासाठी तीन फासे टाकण्याचे काम पंचाकडे, आजच्या भाषेत सूत्रधाराकडे, दिले आहे, म्हणजे आरंभीचा अंक तरी खेळाडूच्या हातून पडू नये एवढी दक्षता तीत दिसते. परंतु अंक पडल्यानंतर नोंद करावयाची ती खेळाडूने, आणि अशा नोंदीचा नमुना म्हणून झायलार्थेन नावाच्या एका जादूगाराचे पत्रक तेथे छापले आहे. बळ ६, बुद्धी ११, अनुभव शून्य. तीनपासून अठरापर्यंत जाणाऱ्या मोजमापात बुद्धीवरच ज्याची उपजीविका त्या जादूगाराला जेमतेम ११ गुण मिळावेत, आणि या छंदाच्या पहिल्याच ग्रंथाने आदर्श म्हणून नेमके असे पत्रक वाचकापुढे ठेवावे, याचे मला फार मोल वाटते. नव्या खेळाडूला मी हे पत्रक आवर्जून दाखवितो, कारण दुबळ्या अंकाची लाज वाटू नये हे शिकविण्यास त्याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

आमची बैठक रविवारी दुपारी शाहपूर जाटच्या परिसरात भरते. नोएडाहून येणारे मॅजेंटा मार्गाच्या मेट्रोने येतात, गुरुग्रामची मंडळी हौज खासला उतरतात, आणि शाहपूर जाटच्या कडेने सिरीच्या जुन्या तटाचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. चौदाव्या शतकाच्या आरंभी ही सिरी वसविणाऱ्या अल्लाउद्दीन खिलजीनेच आपल्या फौजेसाठी दाग आणि हुलिया यांची पद्धत घातली, हे मला तेथून जाताना हटकून आठवते. घोड्याच्या अंगावर डाग द्यावयाचा आणि शिपायाच्या रंगरूपाचे, खुणांचे वर्णन दप्तरात उतरून ठेवावयाचे, म्हणजे एकच घोडा दोनदा मोजून घेणे, चांगल्याच्या जागी मरतुकडे तट्टू उभे करणे किंवा एका शिपायाच्या नावावर दुसराच हजेरीस पाठविणे, हे प्रकार बंद पडावेत, असा तिचा हेतू होता. आणि पुढे अकबरालाही तीच पद्धत पुन्हा चालू करावी लागली. या बंदोबस्ताला मी दोष देत नाही. सरकारी खजिन्यातून ज्या घोड्याचा तनखा जातो, तो घोडा आहे की नाही हे पाहण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. परंतु आमच्या मेजावर खजिना कोणाचा? कोणी आपल्या भात्यात पाच बाण अधिक लिहिले तर माझे, सूत्रधाराचे, काय जाते? माझे काहीच जात नाही. जाते ते त्याचे स्वतःचे आणि त्याच्या सोबत्यांचे, कारण ‘आता माझ्याजवळ एकच बाण उरला आहे’ या वाक्यात जो थरार असतो तो अंक खरा असेपर्यंतच असतो, आणि तो थरार पुन्हा निर्माण करण्याची शक्ती कोणत्याही तपासनिसाच्या अंगी नाही.

हे नुसते तत्त्व वाटू नये म्हणून एका पत्रकाविषयी लिहितो. आमच्यातील एक शिक्षिका धनुर्धर पात्र चालवितात. त्या पात्राच्या भात्यात वीस बाण. आणि आम्ही खेळतो त्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे लढाई संपल्यावर मिनिटभर रणभूमी धुंडाळली तर वापरलेल्यांपैकी निम्मे बाण परत मिळतात. सात सुटले तर तीन हाती येतात, उरलेला अर्धा सोडून द्यावयाचा. म्हणजे शिल्लक सोळा. हा हिशेब त्या प्रत्येक लढाईनंतर मोठ्याने बोलून करतात, “सात गए, तीन मिले, सोलह,” आणि मग लिहितात. बाणांच्या त्या चौकटीतला कागद रबराने इतका झिजला आहे की प्रकाशापुढे धरला तर पलीकडचे बोट दिसावे. त्यांना कोणी असे करावयास सांगितले नव्हते. पण त्यांचे ऐकून शेजारचा आपल्या मशालींची संख्या बोलू लागला, त्याच्या शेजारचा आपले मंत्र मोजू लागला, आणि काही महिन्यांत लढाईनंतरचे हे पाच मिनिटांचे उच्चारण हा आमच्या बैठकीचा रिवाजच होऊन गेला. कागद दाखवा असे म्हणण्यात संशय आहे. कागद वाचून दाखविणे ही कथेतलीच एक क्रिया होते, कारण थकलेले प्रवासी शेकोटीजवळ बसले की आपली शिदोरी आणि शस्त्रे मोजतातच.

एका प्रसंगी पूर आलेल्या भुयारात आमचा वैद्य मूर्च्छित पडला असता सगळ्यांच्या नजरा एका तरुण खेळाडूकडे वळल्या, कारण त्याच्या पत्रकावर जखम भरणाऱ्या औषधाची कुपी लिहिलेली होती. त्याने कागद पाहिला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “नहीं दादा, वो तो मैं पुल पर पी चुका हूँ, काटना रह गया था।” पुलावरचा तो प्रसंग माझ्याही स्मरणातून गेला होता, त्याने ती कुपी वापरली असती तर जगात कोणाला कळले नसते. पुढचा अर्धा तास बाकीच्या पाच जणांनी वैद्याला वाहत्या पाण्यातून दोरीने ओढून काढण्यात घालविला, आणि त्या मोहिमेतील इतर सर्व पराक्रम विस्मृतीत गेले तरी आजही ते एकमेकांना तीच दोरी सांगत असतात.

आता जे खोटे लिहितात त्यांच्याविषयी. असे खेळाडू भेटतात, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करावी असे माझे म्हणणे नाही. गुरुग्रामच्या एका कचेरीत नोकरी करणारा एक खेळाडू वार बसला की आपली प्राणशक्ती थोडी कमीच वजा करीत असे. आठाचा वार तर पाच उणे. शेजाऱ्याच्या ते ध्यानात आले, मग माझ्याही आले. मी त्याचे पत्रक मागितले नाही. चहाच्या वेळी गच्चीवर त्याला बाजूला घेऊन एवढेच विचारले की, तुझा हा योद्धा मेला तर तुला कसे वाटेल? त्याचे उत्तर मी विसरणे शक्य नाही : “दादा, ये मर गया तो मैं क्या करूँगा? बाक़ी सब तो खेलते रहेंगे।”

त्याचे खरेच होते. संध्याकाळी पाच वाजता ज्याचे पात्र मेले त्याने रात्री नऊपर्यंत इतरांचा खेळ बघत बसावयाचे, ही शिक्षा त्या खोट्या तीन अंकांच्या मुळाशी होती. जुन्या फौजांत शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. तो पडला की त्याची चाकरीच धोक्यात येई, आणि म्हणून तो घोडा जिवापाड जपे व ऐन गर्दीत घालण्यास कचरे. सरकारी पागेतल्या बारगीराला ती चिंता नव्हती. भ्याडपणा आणि लबाडी म्हणून आपण ज्याची नोंद करतो त्यातील बराच भाग असा नुकसानीच्या वाटणीतूनच निर्माण होतो. तेव्हा मी बदलली ती वाटणी. एखादा वाटाड्या, एखादी पहारेकरीण, ओलीस सुटलेला एखादा व्यापारी, अशी दोन-तीन पत्रके आता मी लिहून तयार ठेवतो, आणि पात्र मेले की त्याच घटकेला खेळाडूच्या हाती त्यांतील एक देतो. त्यानंतर पुढच्याच एका झटापटीत हाच गृहस्थ आपण होऊन ‘शून्य’ म्हणाला, आणि दहा किंवा त्याहून वर दान तीनदा पडले तर जीव तगतो, तीनदा खाली पडले तर जातो, या नियमाचे फासे त्याने सर्वांसमक्ष टाकले. योद्धा गेला. त्याच्या अंत्यविधीत वाटाड्याने जे भाषण केले ते त्यानेच केले.

जेथे खेळाडू आज एका मेजावर तर उद्या दुसऱ्या शहरात परक्यांबरोबर खेळतो, तेथे काही लेखी पुरावा लागणारच, हे मला मान्य आहे. १९८७ पासून चाललेल्या ‘लिव्हिंग सिटी’ या सामायिक मोहिमेत जादूच्या वस्तूंसाठी छापील प्रमाणपत्रे देत. २०१४ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅडव्हेंचरर्स लीग’ने साहसांची रोजकीर्द ठेवण्याचे काम खेळाडूवरच सोपविले. आता तर संगणकावर सगळ्यांची पत्रके सूत्रधाराला एकाच पडद्यावर दिसू शकतात. सोय मोठी आहे, बेरीज चुकत नाही. तरी माझ्या मेजावर मी कागदच ठेवला आहे, कारण जो अंक मला सतत दिसतो तो सांगण्याचे कर्तव्य आणि सांगण्याचा मान, दोन्ही खेळाडूकडून आपोआप काढून घेतले जातात.

शिवाय रुजुवातीचा आग्रह धरणाऱ्या सूत्रधारांना मी एक गोष्ट विचारतो : तुमचे दप्तर कोण तपासतो? आडव्या पुठ्ठ्यामागे आपण राक्षसांचे प्राण मोजतो, गुप्त फासे टाकतो, कोणता दरवाजा कोठे उघडतो ते ठरवितो, आणि ही सगळी मंडळी आपला शब्द प्रमाण मानून आपल्या पात्रांचे प्राण त्यावर लावतात. मेजावरील सर्वांत मोठे आणि कोणीही न पाहिलेले खाते सूत्रधाराचे आहे. म्हणून मी पुठ्ठा उचलून ठेवला आणि फासे उघड्यावर टाकू लागलो, जरी त्यामुळे कधी कधी मला प्रिय असलेले पात्र माझ्याच हातच्या दानाने जाते. आणि मोहीम संपली की माझी वही मी मेजाच्या मध्यभागी ठेवतो. मग ती वही या हातातून त्या हातात जाते. पिशाचाला बाविसाऐवजी तीसच प्राण का दिले, तळघरातील ती किल्ली खरोखर आधीपासून तेथे होती काय, पुलाच्या चौकीवर पहारा किती होता, यावर असा कडाक्याचा वाद सुरू होतो की नोएडाच्या मंडळींना शेवटच्या मेट्रोची आठवण मलाच करून द्यावी लागते.