दारात सांगितलेला नियम

पावसाळा सुरू झाला की आमच्या दारावरून माणसांच्या रांगा जाऊ लागतात. आमचे घर पन्हाळ्याच्या उताराला आहे. गडावरून राजदिंडीच्या वाटेने उतरून मसाई पठाराकडे जाणारे लोक आमच्या अंगणापासून फार लांब नसतात. 1660च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, त्या वाटेवर दर वर्षी शेकडो मुले-मुली चालतात. कॉलेजची मुले असतात, बँकेतली माणसे असतात, डॉक्टर असतात. पाऊस असा की समोरचा माणूस दिसत नाही, चिखल पोटरीपर्यंत. त्यामुळे अंगावर हाफ पँट, टी-शर्ट आणि वरून प्लास्टिकचा रेनकोट. ते साहजिकच आहे.

आमच्या घराण्याकडे वाटेवरच्या एका लहानशा दर्ग्याची खिदमत आहे. नाव सांगण्याएवढा तो मोठा नाही. चार खांब, पत्र्याचा मंडप, एक चिंचेचे झाड. गुरुवारी ऊद लावायचा, उरुसात गलेफ चढवायचा, येणाऱ्याला साखर-फुटाणे द्यायचे, एवढेच काम. अब्बा ते चाळीस वर्षे करत आले आहेत.

2025च्या जुलैतली गोष्ट. दुपारी पाऊस कोसळत होता. पंधरा-वीस जणांचा एक गट मंडपाखाली धावत आला. चप्पल-बूट बाहेर काढण्याइतके भान त्यांना होते. एक मुलगी पुढे झाली आणि आतल्या उंबऱ्याशी हात जोडून उभी राहिली. डोक्यावर काही नव्हते, गुडघ्यापर्यंतची पँट होती. अब्बा आतून ओरडले, "ए पोरी, असल्या कपड्यात इथं यायचं नाही. कळत नाही का? चला, बाहेर व्हा सगळे."

मुलगी दचकून मागे सरली. कोणी वाद घातला नाही. त्यांच्यातला मोठा मुलगा "सॉरी काका" म्हणाला आणि सगळेजण पुन्हा पावसात गेले. चिंचेखाली उभे राहून त्यांनी बूट घातले. आम्ही घराच्या ओसरीतून बघत होतो. अम्मी चहाचे पातेले चुलीवर ठेवून बाहेर आली होती. ती एवढेच म्हणाली, "पाहुणे होते ओ ते."

त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. कारण दोन महिन्यांपूर्वीची जखम अजून ओली होती.

मे महिन्यात आमच्या मावसभावाच्या साखरपुड्याची दावत एका मोठ्या शहरातल्या क्लबात होती. नवरीकडच्यांनी ठेवलेली. अब्बांनी ठेवणीतला पांढरा कुर्ता-पायजमा घातला, टोपी घातली आणि पायात नवी कोल्हापुरी चप्पल. मुद्दाम त्या दावतीसाठी घेतलेली, करकर वाजणारी. फाटकावर वॉचमनने त्यांच्या पायांकडे बघितले आणि म्हणाला, "चाचा, चप्पल चालत नाही इथं. बूट लागतात. कुर्ता-पायजम्यालाही परवानगी नाही, पण तेवढं मी बघतो." निमंत्रणपत्रिकेत याचा एक शब्द नव्हता. आमच्यातले कोणी आत धावले, कोणी फोन लावला. अब्बा अर्धा तास गाडीत बसून राहिले. शेवटी ड्रायव्हरने आपले बूट काढून दिले. ते एक नंबर मोठे होते. अब्बा ते घालून आत गेले, मुलाला दुआ दिली, आणि पाणीसुद्धा न पिता बाहेर आले.

पुढच्याच महिन्यात बातमी आली की इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला पुरुषांच्या पायांत घालून मिरवल्या आणि त्यावरून मोठी ओरड झाली. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल. आम्ही अब्बांना बातमी वाचून दाखवली. वाटले, हसतील. हसले नाहीत.

आणि जुलैतल्या त्या रात्री अब्बा स्वतःच बोलले. "त्या वॉचमननं सांगताना मान तरी खाली घातली होती. मी तेवढंही केलं नाही."

त्या वाक्यानंतर आमच्या घरात हा विषय नीट निघाला. वाचक भगिनी-बंधूंसमोर तो मांडतो आहोत, कारण आपल्यापैकी बहुतेकांवर दोन्ही वेळा येतात. कधी आपण फाटकाबाहेर असतो, कधी फाटकाच्या आत.

बाहेर असण्याच्या गोष्टी आपल्याला पाठ असतात. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन अनवाणी फिरत. मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना त्याच कारणासाठी आत घेतले नव्हते. 2014च्या जुलैत चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबाच्या कार्यक्रमात मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसल्याबद्दल अडवले. त्यावर तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा केला आणि धोतरासारख्या पोशाखावरून माणसाला अडवणे बंद केले. 2017 साली दिल्ली गोल्फ क्लबात मेघालयातल्या एका खासी बाई जेवायला गेल्या होत्या, रीतसर पाहुण्या म्हणून. अंगावर त्यांचा पारंपरिक जैनसेम होता. ही मोलकरणीसारखी दिसते, असे म्हणून त्यांना उठायला सांगितले गेले. आपल्या लेकींच्या हिजाबाचे तर सांगायलाच नको. शाळा-कॉलेजच्या फाटकावर ओढणी काढायला लावलेली मुलगी आता प्रत्येक जिल्ह्यात कोणाच्या तरी नात्यात आहे.

पण गोल्फचेच एक उदाहरण उलट बाजूनेही आमच्यासमोर आले. आमचा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याच्या कंपनीचा तीस जणांचा गट एकदा गोल्फ मैदानावर गेला. त्यातल्या कोणीही आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. आठ दिवस आधी प्रत्येकाच्या मोबाइलवर निरोप आला. कॉलरचा टी-शर्ट घाला. जीन्स नको. हाफ पँट चालेल, पण गुडघ्यापर्यंतची आणि नीट शिवलेली. बूट सपाट तळव्याचे हवेत, कारण लोखंडी खिळ्यांचे बूट भोकाजवळचे बारीक गवत उखडतात. डोक्याला टोपी आणा, ऊन असते. कोणाकडे कॉलरचा शर्ट नसेल तर आधी कळवा. भाचा म्हणाला, "मामू, तीसपैकी एकालाही फाटकावर थांबवलं नाही. नियम आमच्यापेक्षा कडक होते, पण अपमान कोणाचा झाला नाही."

आम्ही त्या निरोपाचा बराच विचार केला. कॉलर का हवी, याला तसे कारण नाही. ती त्या खेळाची जुनी रीत. सपाट तळव्याला मात्र कारण आहे आणि ते सांगितलेले आहे. ज्याच्याकडे वस्तू नाही त्याची सोयही विचारात घेतली आहे. आणि हे सगळे घरून निघण्याआधी, जेव्हा माणूस कपाट उघडून कपडे बदलू शकतो. तोच नियम दारात सांगितला तर माणसापुढे दोनच वाटा उरतात, मान खाली घालून परत जाणे किंवा भांडणे.

आमच्या जवळच्या देवस्थानांनाही हाच प्रश्न पडलेला आहे. 2025च्या मे महिन्यात कोल्हापूरच्या अंबाबाई आणि आमच्या शेजारच्या जोतिबा मंदिरासाठी देवस्थान समितीने पोशाखाचे नियम जाहीर केले. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने त्याच वर्षी जानेवारीत केले. तुळजापुरात 2023च्या मे महिन्यात असे फलक लागले आणि लोकांची नाराजी बघून त्याच दिवशी उतरवावे लागले. नियम कोणाचा बरोबर, हे सांगणारे आम्ही कोण? प्रत्येक पवित्र जागेला आपला अदब असतोच. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात डोके झाकल्याशिवाय जाता येत नाही. पण दाराशी रुमाल ठेवलेले असतात, कोणाला परत पाठवत नाहीत. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीच्या दारात परदेशी पाहुण्यांना डोक्याला आणि कमरेला गुंडाळायला कापड देतात. नियम तिथेही आहे. पण नियमाच्या शेजारी कापड ठेवले आहे.

आपल्या दीनमध्ये तर याचा धडा चौदाशे वर्षांपूर्वीचा आहे. एक खेडवळ अरब मशिदे नबवीत आला आणि मशिदीतच एका बाजूला लघवीला बसला. सहाबा त्याच्यावर धावले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना थांबवले, त्याचे पूर्ण होऊ दिले, मग तिथे पाण्याची बादली ओतायला सांगितली. आणि त्या माणसाला जवळ बोलावून समजावले की या जागा नमाज आणि जिक्रसाठी असतात. ही हदीस आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. आम्हीही ऐकली होती. अब्बांनी तर ती आम्हाला कितीदा सांगितली होती. एवढ्या मोठ्या बेअदबीला ती मऊ वागणूक, आणि आम्ही पावसात भिजलेल्या पोरीवर ओरडलो.

दुसरी एक गोष्ट चाचींनी काढली आणि ती घरातल्या पुरुषांना झोंबली. त्या म्हणाल्या, "त्या गटात मुलंपण होती की. त्यांच्याही मांड्या उघड्या होत्या. भाईजी पोरीवरच ओरडले." पुरुषाचा सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. पण चाळीस वर्षांत हाफ पँटवाल्या एकाही मुलाला आम्ही टोकले नव्हते. आमचा नियम नियम नव्हताच. तो निम्म्या माणसांपुरता होता.

आणखी एक विचार मनात होता. तो बोलायला जीभ जड होते. 14 जुलै 2024 रोजी विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात आपल्या लोकांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. जाळपोळ झाली, संसार रस्त्यावर आले. ही मुले चालतात ती वाट तिकडेच जाते. त्या वर्षापासून गट येताना दिसला की अम्मी आधी नातवंडांना आत घेते. अब्बांच्या आवाजात त्या दिवशी जो कडकपणा होता, त्यात थोडे ते भयही होते, असे आम्हाला वाटते. पण त्या मुलांचा त्यात काय दोष? ती आडोशाला आली होती. कदाचित आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या दर्ग्याच्या पायरीवर चढली असतील, आणि आम्ही त्यांना काय देऊन पाठवले?

नियम सैल करायचा नाही, यावर घरात एकमत झाले. डोके झाकणे, गुडघे झाकणे, पादत्राणे बाहेर. हे राहणार. बदलायचे ते सांगणे. अम्मीने जुन्या ओढण्या काढल्या, बाराएक निघाल्या. चाचांनी बाजारातून आठ लुंग्या आणल्या. एका टोपलीत ते सगळे मंडपात ठेवले. भिंतीवर "सक्त मनाई" असे लिहिलेला एक जुना पत्रा होता, तो काढला. नवा फलक आमच्या धाकट्या बहिणीने लिहिला:

"अस्सलामु अलैकुम. या, बसा, पावसात थांबू नका. मंडपात कोणीही, कसेही यावे. आत जाताना पुरुष आणि स्त्रिया दोघांनीही डोके आणि गुडघे झाकावेत. कापड टोपलीत आहे, जाताना परत ठेवा. बूट पायरीखाली. काही विचारायचे असेल तर समोरच्या घरात हाक मारा."

"मंडपात कोणीही, कसेही" या शब्दांवर अब्बा दोन दिवस अडून बसले होते. मग तेच म्हणाले, राहू दे. मंडप पाऊस अडवायलाच बांधला होता.

हाच मजकूर आम्ही ट्रेक काढणाऱ्या ओळखीच्या दोन-तीन मंडळींना मोबाइलवर पाठवला. एकाने लगेच उत्तर दिले की हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून आम्ही दर्गा टाळून पुढे जायचो. युनेस्कोने त्याच जुलैत पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. माणसे आता वाढतच जाणार.

सगळे सुरळीत झाले असे नाही. तीन ओढण्या गेल्या. एक मुलगा लुंगी नेसूनच पुढे चालत गेला, ती परत आली नाही. एका गटातल्या बाईंना डोके झाकायचे नव्हते. त्या मंडपातच बसल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. अब्बा त्यांच्याशी पिकापाण्याचे बोलत बसले होते. आमच्या नात्यातल्या काहींना हे सगळे पसंत नाही. दर्ग्याची धर्मशाळा केली म्हणतात. त्यांचेही ऐकून घेतो.

ती जुलैतली मुलगी पुन्हा आली नाही. तिचे नाव गाव आम्हाला ठाऊक नाही, माफी मागायला पत्ता नाही. अब्बा गुरुवारी ऊद लावताना तिच्यासाठी दुआ करतात.

आपल्याकडे शादीची पत्रिका छापायची असेल, मदरशाचा जलसा असेल, मशिदीत शेजाऱ्यांना बोलवायचे असेल, तर एक ओळ आधी लिहावी. काय घालून यावे, काय नको, आणि नसेल तर आमच्याकडे आहे. कागदावर एका ओळीचीच जागा जाते.

सध्या आमची अडचण वेगळीच आहे. पन्हाळ्याच्या पावसात ओढण्या वाळत नाहीत. अम्मीने चुलीवर दोरी बांधली आहे, आणि दर्ग्याच्या ओढण्यांना आता उदाबरोबर धुराचाही वास येतो.